पाचवं शील आणि लीलाबाईचा काढा

छप्पन सालच्या दसऱ्याला पुनाराम गजभिये बालाघाटहून छोट्या लाईनीच्या गाडीनं गोंदियाला गेला, तिथून मोठ्या गाडीनं नागपूरला पोहोचला आणि दीक्षा घेऊन परत आला. मोहल्ल्यातल्या बऱ्याच जणांनी दीक्षा घेतली होती, त्यात नवल नव्हतं. नवल याचं होतं, की पुनाराम दारू सोडली म्हणत होता. तो रेल्वेत गँगमन. पगाराच्या दिवशी तो घरी कुठल्या वाटेनं येणार आणि कुठल्या अंगणात आडवा होणार, हे मोहल्ल्यातली कुत्रीसुद्धा सांगू शकली असती. त्याच्या बायकोनं, लीलाबाईनं, दारू सोडल्याचं इतक्या वेळा ऐकलं होतं, की यावेळी तिनं भाकरीवरून मानही वर केली नाही.

पण त्यानं खरंच सोडली. आणि माणसानं एखादी गोष्ट खरंच सोडली, की तो थोडा डोक्यावर बसतो, तसा तो बसला. खोकल्याचं औषध आणलं तर बूच काढून वास घ्यायचा. उन्हाळ्यात सगळा जिल्हा मोहफुलं उकडून खातो, पण याच्या घरात मोहफुलाला बंदी. शेजाऱ्याची शेळी मोहाखालून चरून आली की तिलाही हा अंगणात उभं राहू देत नसे. लीलाबाई हसायची, पण तोंडावर नाही. कारण तिच्या आयुष्यातली बरी वर्षं हीच होती. जेवणाचं ताट जागच्या जागी राहत होतं. रात्री दाराची कडी वाजली तर छातीत धस्स होत नव्हतं. बाकीची शीलं तिनं इतरांसारखी ऐकून ऐकून पाठ केली होती. पाचव्याचा, नशापाणी न करण्याचा, अर्थ मात्र तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढे मोहल्ल्यानं मातीच्या भिंती आणि कवेलूंचं छप्पर असलेला छोटासा विहार बांधला. लाईनीवर वर्षानुवर्षं हाका मारून पुनारामचा आवाज खडा झालेला, त्यामुळे संध्याकाळची वंदना तोच म्हणायचा आणि त्याच्यामागून सगळे. पाचव्या शीलाला त्याचा आवाज उगाच चढायचा. बायका एकमेकींकडे बघायच्या, पण मान द्यायच्या.

नोकरीतून सुटल्यावर वर्षभरात त्याची पाठ दुखायला लागली. आयुष्य रुळांवर वाकून काढलेलं, पाठ दुखणारच, असं सगळ्यांनी धरलं. लीलाबाईनं चोळायला मोहाच्या बियांचं तेल काढलं तेव्हा हा उठून बसला.

"मोहाचं हाये?"

"चोळाले हाये, प्याले नाही," ती म्हणाली. "पालथे पडा."

तो पालथा पडला, पण तेलानं काही झालं नाही. अन्न जाईना. दिवाळीनंतर कमरेचं धोतर दोनदा गुंडाळावं लागायला लागलं, तेव्हा त्यांची मुलगी ललिता गोंदियाहून आली आणि बापाला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. पोटात गाठ निघाली. कॅन्सरची, आणि पाठीच्या मणक्यापर्यंत गेलेली. कापून काढायची वेळ निघून गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी कागद देऊन घरी पाठवलं.

बालाघाटच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि घाईत नव्हता, हे नशीब. त्यानं लीलाबाईला समोर बसवून सांगितलं, की गाठ जायची नाही, पण दुखणं कमी ठेवता येईल. औषध सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि निजताना द्यायचं. "दुखायला लागलं म्हणून नाही द्यायचं, बाई. दुखायच्या आधी द्यायचं. एकदा दुखणं डोक्यावर चढलं की दुप्पट औषधानंही उतरत नाही." लीलाबाईला हे पटलं. भात उतू जायच्या आधी झाकण काढतात, तसंच हे.

सगळं बिघडवलं ते बाबूलाल कंपाउंडरनं, आणि तेही चांगल्या मनानं. तपकिरी औषधाची बाटली खिडकीतून देताना तो म्हणाला, "अम्मा, इसमें अफीम है. ताले में रखना, बच्चों का हाथ न लगे."

पुनाराम तिच्या मागेच उभा होता. काठी टेकत तो तसाच परत डॉक्टरच्या खोलीत गेला. "साहेब, दुसरं द्या. हे मी घेत नाही. मी शील घेतलं हाये."

डॉक्टर म्हणाला, ही नशा नाही, औषध आहे.

"दारूबी मले पहिल्यांदा औषध म्हनूनच दिलती," पुनाराम म्हणाला. "सर्दीसाठी."

डॉक्टरनं बाटली परत घेतली नाही. बाटली घरी आली आणि लीलाबाईनं ती तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दुखणं मणक्यात खिळा ठोकल्यासारखं यायचं. पुनाराम बाजेवर कुशीला वळून पंचा तोंडात धरायचा आणि लीलाबाई विचारायला गेली तर हातानंच तिला दूर व्हायला सांगायचा. कुणी भेटायला आलं की "बरं हाये" म्हणायचा. त्या "बरं हाये"नं तिचा जीव जाळला. ती त्याला समजावत होती, भांडत होती, आणि मनातून हेही कळत होतं, की या शीलाच्या बाबतीत आपल्याला तोंड उघडायची सोय नाही. याच शीलानं तिला नवरा परत दिला होता. ते मोडा म्हणून सांगणारी ती कोण?

एका दुपारी तिनं त्याच्यापुढे तांदळाची पेज ठेवली. वाकताना तिचा गुडघा बाजेला लागला, एवढंच झालं. त्यानं वाटी उचलून भिरकावली. वाटी तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटली आणि त्यानं जुनी शिवी दिली. ती शिवी घरात इतक्या वर्षांत कुणी ऐकली नव्हती. लीलाबाई कोपऱ्यात सरकली, हात डोक्यावर घेतले. शरीराला सगळं आठवत होतं. मग तिनं बघितलं, तर पुनाराम आपल्याच हाताकडे बघत होता, आणि रडत होता.

त्या संध्याकाळी ती विहारात गेली नाही. चुलीपुढे बसून तिनं साधा विचार केला. हा माणूस दारू प्यायला की असा व्हायचा. आता दारूचा थेंब नाही आणि तरी असा झाला. मग हे दुखणं दारूपेक्षा कुठे कमी आहे?

दुसऱ्या दिवशी बाजारातून तिनं चिरायता आणला. चिरायत्याचा काढा इतका कडू असतो, की त्यात कुठलाही कडूपणा खपून जातो. त्यात तिनं औषधाचा चमचा मिसळला आणि वाटी त्याच्या हातात दिली.

"काय हाये?"

"काढा. बैहरच्या बैगा वैदूचा. बसवाल्याच्या हातानं आनवला. भूक लागाले."

"दारू गिरू नाही ना त्यात?"

"झाडाची मुळी हाये," लीलाबाई म्हणाली.

बैहरच्या जंगलातल्या बैगा आदिवासी वैदूंच्या मुळ्यांवर बालाघाटात सगळ्यांचाच विश्वास. पुनारामनं डोळे मिटून वाटी रिकामी केली. अशा रीतीनं नवऱ्याचं पाचवं शील शाबूत राहावं म्हणून लीलाबाईनं आपलं चौथं मोडलं. चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. ती पुन्हा विहारात जायला लागली तेव्हा वंदनेत चौथं शील आलं की नुसते ओठ हलवायची, आवाज काढायची नाही.

पहिला दिवस तो झोपूनच राहिला. तिला वाटलं, आपण मारलं याला. ती दर थोड्या वेळानं नाकापुढे हात धरून बघत होती. पण नंतर झोप उतरली आणि माणूस उठून बसला. पेज मागितली. डॉक्टरनं आधीच सांगितल्याप्रमाणे पोट घट्ट झालं, त्याला तिनं एरंडेल पाजलं, आणि त्या एरंडेलाबद्दल पुनारामनं जेवढी कुरकुर केली तेवढी आजाराबद्दलही केली नव्हती. होळीपर्यंत तो अंगणात बाज टाकून उन्हात बसायला लागला. बसल्या बसल्या अंबाडीचा दोर वळायचा. दुखणं गेलं नव्हतं. ते तिथेच होतं, पण शेजारच्या घरातल्या भांडणासारखं, ऐकू येणारं आणि तरी आपलं काम करू देणारं.

अशाच एका दुपारी लीलाबाई सुपात तांदूळ पाखडत होती आणि पुनाराम दोर वळत होता. वर न बघता तो बोलायला लागला.

"ललिता पोटात होती तवाची गोष्ट. तू पानी भरून येऊन राह्यली होती. मी दारात उभा होतो. मी तुले लाथ मारली. डोक्यावरचा पितळी गुंड पडला, त्याले पोचा आला. लोकं जमले तर मी सांगतलं, पाय घसरून पडली. अन् तूबी तेच सांगतलं."

सूप थांबलं.

"तो पोचा आलेला गुंड मी मंग विकला. त्याची दारू पेलो." त्यानं दोराला एक पीळ दिला. "हे मी तुले कधी बोललो नाही. लय वाईट केलं मी. तू काहून राह्यली माह्यापाशी, मले समजत नाही."

 लीलाबाईनं तांदूळ पाखडून संपवले, सूप भिंतीला टेकवलं आणि घरामागे जाऊन पोटभर रडली. तिला आनंद झाला होता. इतक्या वर्षांत तिनं या शब्दांची वाट बघणंही सोडून दिलं होतं. पण डोळे पुसता पुसता एक विचार आला आणि आनंदाची माती झाली. दुपारचा चमचा तर तिनंच थोड्या वेळापूर्वी पाजला होता. मग हे बोलला कोण? पुनाराम, की बाटली? दारू पिऊनही तो कधीकधी रडायचा, पाया पडायचा. त्या रडण्याची किंमत तिला ठाऊक होती.

हे कुणाला विचारायची सोय नव्हती. ती रोज काढा देत राहिली.

चैत्रात पुनाराम विहारात पुन्हा वंदना म्हणायला लागला. लोक खूश झाले. आणि लोक खूश झाले की पुनारामला चार शब्द बोलायची सवय होती.

"मले दवाखान्यानं अफू दिलती," तो म्हणाला. "मी घेतली नाही. लोकं म्हनत, सहन नाही होनार. पन दुखनं मनाचं असते. मी मन पक्कं केलं, शील धरून ठेवलं, तर दुखनं दबलं. हे पाहा, तुमच्यापुढं बसलो हाये."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लीलाबाई बायकांमध्ये बसली होती. भर सभेत काय बोलणार. बोलू द्या बिचाऱ्याला, तिनं मनाशी म्हटलं, कुणाचं काय जातं.

कुणाचं काय गेलं ते तिला आठवड्यानं कळलं. त्यांच्याच रांगेत शेवटच्या घरात रुख्माबाई राहायची, बिड्या वळणारी विधवा. पुनारामच्या सोबतीनं नागपूरला दीक्षेला गेलेल्यांतली एक. तिच्या छातीत गाठ होती, आता तिची जखम झाली होती, आणि तीही त्याच खिडकीतून तेच औषध आणायची. लीलाबाई तिच्यासाठी थोडी पेज घेऊन गेली तर रुख्माबाई जमिनीवर पाय पोटाशी घेऊन पडलेली, हातात बाजेचा पाय घट्ट धरलेला. ओठ दातांनी फुटले होते. फळीवर औषधाची बाटली जवळजवळ भरलेली होती.

"रुख्माबाई, औषध काहून नाही घेतलं?"

रुख्माबाईला बोलायला वेळ लागला. "पुनारामभाऊनं सांगतलं ना. मन पक्कं पायजे. त्याहिले जमते." तिनं डोळे मिटले. "मले जमून नाही राह्यलं. माह्यंच मन कच्चं हाये."

 एवढं दुखणं अंगावर असताना ही बाई वर आपल्या मनाला दोष देत पडली होती, आणि तो दोष लीलाबाईनं चिरायत्यात कालवून वाटला होता. तिनं रुख्माबाईला औषध घे म्हणून विनवलं. रुख्माबाई मान हलवत राहिली. तेव्हा ती सरळ घरी आली आणि अंगणात, बाजेपुढे उभी राहिली.

"तुम्ही घेऊन राह्यले तो काढा," ती म्हणाली, "त्याच्यात दवाखान्याचं औषध हाये. अफूचं."

पुनारामच्या हातातला दोर थांबला. "कवापासून?"

"होळीच्या आधीपासून."

"अन् बैगाची मुळी?"

"चिरायता खरा हाये. बैगा खोटा."

मग तिनं रुख्माबाईचं सांगितलं. सगळं सांगितलं, फुटलेल्या ओठांसकट. पुनारामचा चेहरा राखेसारखा झाला. तो तिला ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. दुपारचा चमचा तिनं यावेळी उघड वाटीत, काढ्याशिवाय आणला, तर त्यानं तोंड फिरवलं. तो मन पक्कं करून बसला. मन पक्कंच होतं, त्यात खोट नव्हती. फक्त त्याचा उपयोग झाला नाही. उन्हं कलली तसं दुखणं आलं, आणि दिवेलागणीला तो बाजेच्या दोरीत दात रुतवून पडला होता. लीलाबाई शेजारी बसून राहिली. तिनं पुन्हा औषध पुढे केलं नाही. आता चोरून काही करायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं, आणि हे ठरवणं तिला फार जड गेलं.

उजाडल्यावर तो म्हणाला, "मले रुख्माबाईच्या घरी घेऊन चाल. बाटली घे."

रांग काही मोठी नव्हती, पण वाटेत त्याला बसावं लागलं, एकदा कुणाच्या ओट्यावर आणि एकदा नुसतं जमिनीवर. रुख्माबाईच्या दारात बायका बिड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी सुपं बाजूला सारून वाट दिली. पुनारामनं त्यांना उठून जायला सांगितलं नाही आणि दारही लावलं नाही.

"रुख्माबाई, मी विहारात बोललो ते खोटं होतं," तो म्हणाला. "मले माहीत नव्हतं, पन खोटंच होतं. माह्या पोटात औषध होतं. ही मले काढ्यातून देऊन राह्यली होती. काल घेतलं नाही, तर मी रातभर दोरी चावली. माह्यं मन तुह्याहून पक्कं गिक्कं काही नाही."

दारातल्या बायकांची बोटं थांबली. हे दुपारपर्यंत सगळ्या मोहल्ल्यात पोहोचणार, हे त्यालाही कळत होतं. लीलाबाईला त्याची दया आली आणि अभिमानही वाटला.

रुख्माबाईनं जमिनीवरूनच विचारलं, "मंग भाऊ, आपलं शील?"

"दारू सोडाचं शील घेतलं आपन, बाई. दुखनं सोसाचं घेतलं नाही." मग तो लीलाबाईकडे वळला. "भर चमचा."

तिनं भरला. त्यानं सगळ्यांदेखत तो घेतला, कडू लागला तसं तोंड वाकडं केलं, आणि मग तोच चमचा आपल्या हातानं भरून रुख्माबाईच्या तोंडाशी नेला. थोडं सांडलं. रुख्माबाईनं तोंड उघडलं. लीलाबाईनं भिंतीला पाठ टेकली आणि दोघांजवळ बसून राहिली. बऱ्याच वेळानं रुख्माबाईची बाजेच्या पायावरची मूठ सैल झाली आणि तिनं पेज आहे का म्हणून विचारलं.

पुनाराम पुढे पोळ्यापर्यंत जगला. दुखणं वाढलं तसं डॉक्टरनं औषध वाढवलं, शेवटचे काही दिवस सोडले तर वंदना त्यानंच म्हटली, आणि विहारात त्याच्यामागून म्हणायला कुणी कुरकुर केली नाही. एकदोघांनी बाहेर केली. ती माणसं कुठल्याही मोहल्ल्यात असतात. पण त्या दिवशी दुपारी, रुख्माबाईकडून परत आल्यावर, तो बाजेवर बसून होता आणि दोर हातात नव्हता.

"एक इचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी मी तुह्याजवळ बोललो, गुंडाचं. तवाबी माह्या पोटात ते होतं?"

"होतं," लीलाबाई म्हणाली.

 तो म्हणाला, "म्हंजे ते नशेतलंच बोलनं धरशील तू."

लीलाबाई इतके दिवस हाच प्रश्न घेऊन फिरत होती. पण त्याच्या तोंडून तो ऐकला आणि उत्तर तिच्यापुढे आलं.

"दारूत तुम्ही लय वेळा माफी मांगली माह्याजवळ," ती म्हणाली. "सकाळी उठले की तुम्हाले त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मारलेलंबी नाही, रडलेलंबी नाही. अन् हे गुंडाचं बोललेलं आज तुम्ही स्वताहून काढून राह्यले."

पुनारामनं बाजेवरचा दोर हातात घेतला.

"हौ," तो म्हणाला. "सारं आठवते मले."